टॉम फिनी : क्लबवरची निष्ठा की कराराची सक्ती?

डावा_विंगर
नमस्कार मंडळी. सध्या फुटबॉलच्या ग्रुपांवर एक चित्र फिरतंय. टॉम फिनीचा जुना कृष्णधवल फोटो आणि वर मजकूर, की हा माणूस आयुष्यभर एकाच क्लबकडून खेळला, इटलीची पैशांची थैली नाकारली, याला म्हणतात निष्ठा. फिनी माझा अत्यंत आवडता खेळाडू, पण ती थैली त्याने नाकारलेलीच नाही, ती त्याला घेऊ दिली गेली नाही. हा फरक मला फार मोठा वाटतो म्हणून धागा काढतोय.

ज्यांना फिनी माहीत नाही त्यांच्यासाठी. इंग्लंडचा उजवा विंगर, म्हणजे मैदानाच्या उजव्या कडेने हल्ला करणारा खेळाडू. जन्म ५ एप्रिल १९२२, लँकेशायरमधलं प्रेस्टन, कापडगिरण्यांचं गाव, घर डीपडेल मैदानाच्या अगदी जवळ. आई लहानपणीच गेली. पोरगा इतका किरकोळ की चौदाव्या वर्षीही उंची पाच फुटांच्या आत. तरी गावच्या प्रेस्टन नॉर्थ एंड क्लबने मैदानावर नोकरी देऊ केली, तर वडील म्हणाले आधी प्लंबिंगची उमेदवारी पुरी कर, हातात कसब असू दे, मग काय खेळायचं ते खेळ. म्हणून तो नळकाम शिकत शिकत फुटबॉल खेळला आणि पुढे जगभर 'प्रेस्टनचा प्लंबर' म्हणून ओळखला गेला. मग महायुद्ध, इजिप्त, इटलीत रणगाडा चालवणं. लीगमधला पहिला सामना ३१ ऑगस्ट १९४६ ला, तेव्हा वय २४. शेवटचा १९६० मध्ये. ४३३ लीग सामने, १८७ गोल, इंग्लंडकडून ७६ सामन्यांत ३० गोल, आणि एवढ्या कारकिर्दीत पंचांनी एकदाही वहीत नाव लिहून घेतलं नाही.

आता १९५२. इंग्लंडचा संघ इटलीच्या दौऱ्यावर असताना पालेर्मो क्लबच्या अध्यक्षांनी (हे गृहस्थ खरोखरचे राजपुत्र होते) फिनीला बोलावणं दिलं. सही केल्याचे १०,००० पौंड, महिना १३० पौंड, वर बोनस, समुद्रकाठी बंगला, गाडी, घरच्यांचा प्रवासखर्च. इंग्लंडमध्ये तेव्हा कुठल्याही खेळाडूला आठवड्याला १४ पौंडांच्या वर पगार देताच येत नव्हता, लीगचा नियमच तसा. फिनीने घरी येऊन हे क्लबचे चेअरमन नॅट बक यांच्यापुढे ठेवलं. उत्तर आलं, त्याचा मथितार्थ असा की प्रेस्टनकडून खेळणार नसशील तर कुणाकडूनच खेळणार नाहीस. विषय संपला.

तर प्रश्न असा, की याला निष्ठा म्हणायचं का?

चहाबाज
पयला! चहा टाकून येतो, मग सावकाश वाचतो.

स्कोअरबुक
चांगला विषय. सोपा हिशेब मांडतो. १०,००० ला १४ ने भागा, सातशेच्या वर आठवडे येतात, म्हणजे जवळजवळ चौदा वर्षांचा पगार नुसत्या एका सहीचा! फिनीची युद्धानंतरची लीग कारकीर्दही साधारण तेवढ्याच वर्षांची. आणि १४ हा हंगामातला आकडा, उन्हाळ्यात सामने नसले की पगार आणखी खाली.

कोपऱ्यातला_झेंडा
माझं मत वेगळं आहे. नियम वाईट होता हे शंभर टक्के मान्य, पण त्याच नियमाखाली असलेल्या काहींनी बंड केलं होतं ना? विल्फ मॅनियन बघा, इंग्लंडचा इनसाइड फॉरवर्ड, १९४८ मध्ये मिडल्सब्रोशी त्याचं बिनसलं, खेळायला नकार देऊन हंगामातले बरेच महिने बाहेर बसला, ओल्डहॅमला जाऊन कोंबड्यांची खुराडी विकत होता. नील फ्रँकलिन, देशातला सगळ्यात भारी सेंटर हाफ (बचावफळीतला मधला खेळाडू), १९५० मध्ये स्टोक सोडून थेट कोलंबियात बोगोटाला गेला. फिनीने यातलं काही केलं नाही. बायको, घर, भावाबरोबर चालवलेला प्लंबिंगचा धंदा, सगळं प्रेस्टनमध्ये, त्याला तिथंच राहायला आवडत होतं. उलट मी म्हणेन ज्याच्या हातात दुसरा धंदा होता तो बाकीच्यांपेक्षा जास्त मोकळा होता. तरी थांबला. मग ती निष्ठा नाही तर काय?

डावा_विंगर
@कोपऱ्यातला_झेंडा, उदाहरणं अगदी योग्य दिलीत पण त्यांचं पुढे काय झालं तेही सांगा की. मॅनियनला शेवटी मुकाट्याने मिडल्सब्रोलाच परत यावं लागलं. फ्रँकलिन काही आठवड्यांत बोगोटाहून परतला तर त्याच्यावर बंदी घातली, आणि ज्या माणसाशिवाय इंग्लंडचा संघ निवडला जात नव्हता तो पुन्हा कधीच इंग्लंडकडून खेळला नाही. १९५२ मध्ये फिनीसमोर ही दोन्ही उदाहरणं ताजी होती.

त्यातून कोलंबियाची लीग तेव्हा फिफाच्या बाहेर होती म्हणून फ्रँकलिन निदान तिथं उतरू तरी शकला. इटली फिफात, म्हणजे प्रेस्टनने नोंदणी सोडल्याशिवाय फिनी पालेर्मोकडून एक चेंडूही मारू शकत नव्हता. आणि ही नोंदणी म्हणजेच सगळी मेख. करार एकेका वर्षाचा, पण हंगाम संपला की क्लब यादी लावायचा, अमुक खेळाडू राखले, अमुक सोडले. राखलेल्या यादीत नाव आलं की करार संपलेला असूनही तुम्ही दुसऱ्या क्लबकडून खेळू शकत नाही. पगार नको म्हणालात तरी नाही. गिरणी कामगाराला एक गिरणी सोडून शेजारच्या गिरणीत जाता येत होतं, इंग्लंडच्या उजव्या विंगरला ते करता येत नव्हतं.

रश्मी_के
हे माहीतच नव्हतं! करार संपल्यावरही अडवून ठेवायचं? कायद्यात कसं बसायचं हे?

स्कोअरबुक
@रश्मी_के ताई, बसत नव्हतंच, फक्त कोर्टापर्यंत जाऊन ते सिद्ध करायला १९६३ उजाडावं लागलं. जॉर्ज ईस्टहॅमचा खटला. सविस्तर नंतर लिहितो, आत्ता ऑफिसात आहे.

पुणेरी_नळ
घरचा धंदा प्लंबिंगचा असल्याने धागा उघडल्याबरोबर वाचून काढला :) लोक 'प्लंबर' हे कौतुकाचं टोपणनाव म्हणून घेतात, पण तो खरंच सकाळी सराव करून दुपारी कामावर जायचा. त्या काळचे इंग्लंडमधले नळ म्हणजे बरेचसे शिशाचे पाइप. आता आपण सीपीव्हीसीला सोल्युशन लावतो आणि दोन मिनिटांत जोड तयार. शिशाच्या पाइपला जोड द्यायचा म्हणजे दोन्ही टोकं खरवडून साफ करायची, झाळकामाचा वितळलेला धातू त्यावर घ्यायचा आणि हातात जाड फडकं घेऊन तो गोठायच्या आत गोल पुसत पुसत जोडाला आकार द्यायचा. घाई केली की गळतं, उशीर केला की धातू थिजतो. आमच्या दुकानातल्या जुन्या कारागिरांनी हे काम केलेलं आहे, त्यांच्या बोटांवर अजून डाग आहेत. पाच-सात वर्षांची उमेदवारी उगाच नसायची. वडिलांनी आधी कसब शिक म्हणून सांगितलं ते किती दूरवरचं बघून सांगितलं! खेळ थांबल्यावर याच धंद्याने त्याला सांभाळलं.

मंगळवारपेठ
आम्ही कोल्हापूरचे, त्यामुळं फुटबॉलचा धागा म्हटल्यावर येणारच. शाहू स्टेडियमवर पाटाकडील आणि दिलबहारचा सामना ज्यानं बघितलाय त्याला गाव आणि संघ म्हणजे काय हे सांगावं लागत नाही. पण आमच्यातबी हंगामाच्या तोंडाला पोरं एका तालमीतनं दुसरीकडं जात्यात आणि पेठेत दोन दिवस धुसफुस होती, मग परत सगळे एका कट्ट्यावर. जायची मुभा असून जो ऱ्हातो त्याला आम्ही डोक्यावर घेतो. मुभाच नसंल तर कौतुक कशाचं करायचं भावा? धागाकर्त्यांशी सहमत.

कोपऱ्यातला_झेंडा
@मंगळवारपेठ, मुद्दा नेमका मांडलात, मला उत्तर शोधावं लागेल :)

स्कोअरबुक
थोडं अवांतर, पण याच वर्षाचं आणि याच जिल्ह्याचं आहे म्हणून लिहितोच. १९५२ च्या त्याच उन्हाळ्यात प्रेस्टनपासून विसेक मैलांवर हॅस्लिंगडन नावाच्या गावात आपला विनू मंकड लँकेशायर लीगमध्ये पैसे घेऊन क्रिकेट खेळत होता. त्याने बोर्डाकडे मागितलं होतं की इंग्लंड दौऱ्यावर निवड नक्की आहे असं सांगा, मी हॅस्लिंगडनला नाही म्हणतो. बोर्ड हमी देईना, त्याने करार केला. मग लीड्सला पहिल्या कसोटीच्या दुसऱ्या डावात ट्रूमनसमोर आपले शून्यावर ४ बाद झाले आणि धावाधाव करून हॅस्लिंगडनकडून मंकडला सोडवून आणावं लागलं. लॉर्ड्सवर उतरला तो ७२, १८४ आणि एका डावात ५ बळी. सामना हरलो तरी ती कसोटी अजून मंकडच्या नावाने ओळखतात.

गंमत बघा, लँकेशायरमधल्या एका छोट्या क्रिकेट क्लबने भारतातून आलेल्या खेळाडूला त्याच्या कसबाचा बाजारभाव दिला आणि वेळ आल्यावर सोडलंही. आणि तिथंच वाढलेल्या फिनीला ना भाव मिळाला ना सुटका.

चहाबाज
आलो चहा घेऊन. मंकडचा निघालाच आहे तर माझंही एक अवांतर. फिनीचं नाव पहिल्यांदा गाजलं ते १९४१ च्या वॉर कपच्या फायनलमध्ये, वेम्बलीवर, वय १९, समोर आर्सेनल. १-१ बरोबरी झाली, पुन्हा ब्लॅकबर्नला खेळवली तेव्हा प्रेस्टन २-१ ने जिंकलं. वेम्बलीवर आर्सेनलचा गोल केला डेनिस कॉम्प्टनने. हाच कॉम्प्टन पुढे फौजेबरोबर भारतात आला, महूला होता, आणि मार्च १९४५ मध्ये ब्रेबॉर्नवर रणजीच्या फायनलला होळकर संघाकडून मुंबईविरुद्ध चौथ्या डावात नाबाद २४९ ठोकून गेला. विजय मर्चंटचे २७८ त्याच सामन्यात. होळकर हरले, पण तो डाव बघितलेली पिढी शिवाजी पार्कच्या कट्ट्यावर वर्षानुवर्षं त्यावर बोलत असायची.

शिट्टी
मंडळी धाग्याने मुंबई गाठली, आता परत प्रेस्टनची गाडी पकडा. मला कुणी सांगा, फिनी की मॅथ्यूज? दोघंही उजवे विंगर, एकाच काळातले, मॅथ्यूजचं ब्लॅकपूल प्रेस्टनपासून जेमतेम पंधरा मैल. नक्की भारी कोण?

कोपऱ्यातला_झेंडा
@शिट्टी, हा वाद इंग्लंडमध्ये दहा वर्षं पेपरवाल्यांनी पोसला. माझं उत्तर फिनी, आणि कारणं देतो.

मॅथ्यूज म्हणजे ड्रिब्लिंग. बचावपटूला खेळवत खेळवत बाहेरच्या बाजूने निघून जायचा आणि क्रॉस टाकायचा, सगळ्यांना माहीत असायचं हा इकडूनच जाणार, तरी कुणाला अडवता यायचं नाही. फिनी मुळात डावखुरा, मेहनत करून उजवा पाय तयार केला, मग उजव्या विंगेवर खेळताना तो बाहेरूनही जायचा आणि आत वळून स्वतः गोलही मारायचा. इंग्लंडकडून मॅथ्यूजचे ५४ सामन्यांत ११ गोल, फिनीचे ७६ मध्ये ३०. उजवीकडे मॅथ्यूज असला की फिनीला डावीकडे टाकायचे, १९४७ मध्ये लिस्बनला तसं खेळवलं आणि पोर्तुगालला १०-० धुतलं. पुढे क्लिफ ब्रिटन मॅनेजर झाल्यावर प्रेस्टनने त्याला वयाच्या पस्तिशीकडे सेंटर फॉरवर्ड केलं तर तिथंही ढिगाने गोल. १९५४ चा फुटबॉलर ऑफ द इयर तो आणि १९५७ चाही तोच, दोनदा मिळवणारा पहिला. बिल शँकली प्रेस्टनला त्याच्या मागे राइट हाफला खेळलेले, ते म्हणायचे टॉमी ओव्हरकोट घालून उतरला असता तरी कुठल्याही काळातल्या कुठल्याही संघात शोभला असता. पुढे लिव्हरपूल उभं करणाऱ्या माणसाचं हे मत आहे, उगीच कुणाचं नाही.

नशिबाचं म्हणाल तर मे १९५३ चे दोन दिवस बघा. प्रेस्टन आपले सामने संपवून ५४ गुणांवर पहिलं. शुक्रवारी संध्याकाळी आर्सेनलने बर्नलीला ३-२ हरवलं, त्यांचेही ५४ झाले आणि गोलांच्या सरासरीवर विजेतेपद आर्सेनलकडे गेलं. केलेले गोल भागिले खाल्लेले गोल, आर्सेनल ९७ ला ६४, प्रेस्टन ८५ ला ६०, करा भागाकार. लगेच दुसऱ्या दिवशी वेम्बलीवर मॅथ्यूजने बोल्टनविरुद्ध ब्लॅकपूलला १-३ वरून ४-३ जिंकून दिलं आणि अख्ख्या देशाने त्याला खांद्यावर घेतलं. पुढच्या वर्षी फिनीची पाळी होती, १९५४ ची फायनल वेस्ट ब्रॉमविरुद्ध, तर नेमका त्या दिवशी त्याला सूर सापडला नाही, प्रेस्टन २-३ हरलं. १९५८ मध्ये लीगला पुन्हा दुसरा नंबर. म्हणजे शांततेच्या काळात त्याच्या हाती लागलं ते एकच, १९५१ चं सेकंड डिव्हिजनचं विजेतेपद.

शिट्टी
अरे वा, एवढं सविस्तर! प्रतिसाद वाखुसा (वाचनखूण साठवा) करता येतो का कुणी सांगेल का?

मंगळवारपेठ
फिनी १९५० च्या वर्ल्ड कपलाबी होता न्हवं? बेलो होरिझोंटेला अमेरिकेनं इंग्लंडला १-० पाडलं त्या संघात? त्याच वर्ल्ड कपला भारत जाणार होता आणि गेला न्हाई, ते आठवलं की अजून वाईट वाटतं.

चहाबाज
@मंगळवारपेठ, हो, फिनी होता त्यात. भारत का गेला नाही यावर वेगळा धागा काढा, इथं सुरू झालं तर शंभर प्रतिसाद तिकडेच जातील.

लँकेशायरची_सून
प्रेस्टनजवळच राहते म्हणून लिहायचा मोह होतोय. डीपडेलबाहेर फिनीचा पुतळा आहे, 'द स्प्लॅश' म्हणतात त्याला, २००४ मध्ये बसवला. १९५६ मध्ये चेल्सीच्या मैदानावर पावसाने तळं झालं होतं, तरी सामना खेळवला, त्यात फिनी पाण्यातून घसरत चेंडू काढतोय असा फोटो आहे आणि त्यावरून हा पुतळा केलाय. अंग एका बाजूला पूर्ण कललेलं, आणि मागे पाण्याचा पंखा उडालेला. तो पंखा खऱ्या पाण्याचा आहे, खाली कारंजं ठेवलंय. फोटो नीट बघा, चामड्याचा चेंडू, तो भिजला की किती जड होत असेल, सुती शर्ट अंगाला चिकटलेला, आणि तरीही त्याची नजर चेंडूवरून हललेली नाही. आमच्या लेकाला तिथं उभं करून फोटो काढायचा म्हटलं की तो स्वतःच भिजून येतो.

मैदानासमोरच्या रस्त्याला सर टॉम फिनी वे नाव दिलंय, आत त्याच्या नावाचा स्टँड आहे आणि खुर्च्यांच्या रंगातून त्याचा चेहरा केलाय. १९९८ मध्ये सर झाला. गावात त्याच्याबद्दल बोलताना वयस्कर लोक गोलांबद्दल कमी आणि माणसाबद्दल जास्त बोलतात. मॅजिस्ट्रेट म्हणून बसायचा, इथल्या आरोग्य मंडळाचं काम बघितलं, बायकोच्या आजारपणात तिची सेवा केली. १४ फेब्रुवारी २०१४ ला गेला, वय ९१.

म्हणून मला डावा_विंगर दादांचा मुद्दा पटला तरी थोडं अडखळायला होतं. चेअरमनने त्याला १९५२ मध्ये अडवलं हे खरं. पण १९६० नंतर त्याला कुणीच अडवलं नव्हतं, तरी तो पुढची पन्नासहून जास्त वर्षं इथंच राहिला ना.

रश्मी_के
ताई, सुंदर प्रतिसाद. आणि हा शेवटचा मुद्दा फार महत्त्वाचा. गावावर प्रेम होतं म्हणून क्लबने अन्याय केला नाही असं होत नाही, आणि अन्याय झाला म्हणून प्रेम खोटं होतं असंही नाही.

पुणेरी_नळ
+१. शिवाय क्लबला पैसे नको होते असंही नाही. जॉन चार्ल्सला लीड्सने १९५७ मध्ये ६५,००० पौंड घेऊन युव्हेंटसला दिलाच की. म्हणजे दार उघडायचं की नाही हे मालकाच्या मर्जीवर.

डावा_विंगर
@लँकेशायरची_सून, तुमचा मुद्दा मान्य, आणि तो मला माझ्या बाजूचाच वाटतो. १९६० नंतर तो प्रेस्टनमध्ये राहिला ही त्याची निवड होती, म्हणून त्याचं कौतुक मनापासून करूया. १९५२ ची निवड त्याची नव्हतीच. माझा राग त्या मजकुरावर एवढ्यासाठी आहे की त्यात नॅट बकच्या नकाराचं श्रेय फिनीच्या स्वभावाला दिलंय आणि त्याच दगडाने आजच्या पोरांना मारलंय. आजच्या खेळाडूला करार संपल्यावर मोकळं जाता येतं ते १९९५ च्या बॉसमन निकालामुळे, त्याआधी ईस्टहॅममुळे, आणि १९६१ च्या जानेवारीत जिमी हिल आणि खेळाडूंच्या संघटनेने संपाची तयारी करून पगाराची मर्यादा काढायला लावली त्यामुळे. ती मर्यादा तेव्हा आठवड्याला २० पौंड होती. उठल्याबरोबर फुलहॅमने जॉनी हेन्सला १०० पौंड दिले. फिनी त्याच्या आदल्याच वर्षी जांघेच्या दुखण्याने निवृत्त झाला होता. तो गेला आणि पुढच्याच हंगामात प्रेस्टन पहिल्या डिव्हिजनमधून खाली घसरलं, ते आजतागायत वर आलेलं नाही. ज्या माणसाच्या जिवावर क्लब टिकून होता त्याचा भाव क्लबने आयुष्यभर नियमाच्या आडून ठरवला.

कोपऱ्यातला_झेंडा
हे मान्य करतो. मी 'निष्ठा' त्याच्या खेळात बघतो. १४ पौंडांचा राग त्याने एकाही सामन्यात काढला नाही, आडदांड बॅक पायावर पाय देत होते तेव्हाही नाही. पण १९५२ चा दाखला त्यासाठी द्यायची गरज नाही, बरोबर.

चहाबाज
निवृत्तीनंतरचं एक राहिलं. १९६३ मध्ये बेलफास्टच्या डिस्टिलरी क्लबला युरोपियन कपमध्ये बेनफिका आलं, युसेबियोवालं बेनफिका, दोनदा युरोप जिंकलेलं. डिस्टिलरीने फिनीला बोलावलं, वय ४१, तीन वर्षं लीग सोडून झालेली, गेला आणि खेळला. सामना ३-३!

रश्मी_के
बाप रे, ४१! @स्कोअरबुक, ऑफिस सुटलं असेल तर ईस्टहॅमचं सांगा आता.

स्कोअरबुक
सांगतो. ईस्टहॅम न्यूकॅसलचा, १९६० मध्ये बदली मागितली, क्लबने राखलेल्या यादीत घातलं. गड्याने खेळणंच थांबवलं आणि दक्षिणेत जाऊन कॉर्क विकायची नोकरी धरली. काही महिन्यांनी न्यूकॅसल नमलं आणि ४७,५०० पौंडांना आर्सेनलला दिलं. म्हणजे त्याचं स्वतःचं काम झालं होतं, खटला सोडून दिला असता तरी कुणी बोललं नसतं. पण संघटना पाठीशी होती, त्याने खटला चालवला आणि १९६३ मध्ये न्यायमूर्ती विल्बरफोर्स यांनी निकाल दिला की करार संपलेल्या खेळाडूला असं अडवून ठेवणं म्हणजे त्याच्या पोटापाण्याच्या धंद्यावर अवाजवी बंधन आहे. नियम त्यानंतर बदलावे लागले.

डावा_विंगर
ईस्टहॅमवर स्वतंत्र धागा तुम्हीच काढा स्कोअरबुक, वाट बघतो. कॉर्कच्या नोकरीचं आणि संपाच्या सभांचं सविस्तर येऊ द्या.